जीपीजी-एजंटभोवतीचं एसईलिनक्सचं कुंपण

डिसेंबर २०१९ मध्ये पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ‘पायपीआय’ या भांडारातून दोन लायब्रऱ्या, म्हणजे इतरांना वापरायला ठेवलेला तयार कोड, हटवाव्या लागल्या. त्यातली एक ‘जेलीफिश’. खरी जेलीफिश म्हणजे दोन शब्द एकमेकांच्या किती जवळचे आहेत ते मोजणारी साधी, उपयोगी लायब्ररी. हटवली गेली ती तिची नक्कल. नावातला पहिला इंग्रजी ‘एल’ काढून तिथे कॅपिटल ‘आय’ बसवला होता. बऱ्याच फॉन्टमध्ये ही दोन्ही अक्षरं एका उभ्या काठीसारखी दिसतात, त्यामुळे डोळ्यांना फरक कळत नाही. जवळपास वर्षभर ती भांडारात पडून होती. दुसरी लायब्ररी ‘डेटयुटिल’चं सोंग घेऊन आली होती आणि आतून याच नकली जेलीफिशला बोलावत होती. ज्या मशीनवर नकली जेलीफिश बसवली जाईल तिथल्या एसएसएचच्या (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या) आणि जीपीजीच्या (सहीच्या आणि कुलूपबंदीच्या) किल्ल्या शोधायच्या आणि बाहेर पाठवायच्या, हे तिचं खरं काम.

हे वाचल्यावर मी सगळ्यात आधी माझ्या होम फोल्डरमधल्या ‘.जीएनयूपीजी’ची, म्हणजे जीपीजीच्या किल्ल्या असलेल्या फोल्डरची, परवानगी तपासली. ७०० होती, म्हणजे मालकाला सगळं खुलं आणि बाकीच्यांना दार बंद. क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच लक्षात आलं की या आकड्याचा इथे काडीचा उपयोग नाही. नकली लायब्ररी दुसऱ्या कुणाच्या नावाने येतच नाही. मी स्वतः बसवलेली, माझ्या टर्मिनलमधून चालवलेली, म्हणजे कर्नलच्या, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, दृष्टीने ती मीच. मालकाला दार उघडं आहे आणि मालकाच्या नावाने चालणारी प्रत्येक गोष्ट मालकच ठरते.

हा लेख त्या फटीबद्दल आहे. किल्ली सांभाळणारी जी प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) मागे शांतपणे चालू असते, ती जीपीजी-एजंट; तिच्याभोवती लिनक्सचा कर्नल एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेने दुसरं कुंपण कसं घालतो आणि ते कुंपण कुठे अपुरं पडतं, ते इथे सांगायचं आहे.

मर्जीचं नियंत्रण आणि सक्तीचं नियंत्रण

आपल्याला सवयीची असलेली परवानगीची पद्धत, मालक-गट-इतर आणि वाचा-लिहा-चालवा, हिला मर्जीचं नियंत्रण म्हणता येईल, कारण फाइल कुणाला दाखवायची हे मालकाच्या मर्जीवर असतं. ही पद्धत एकच प्रश्न विचारते: तू कोणाचा? मालकाचा असशील तर ये. आणि रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, असशील तर विचारायचंही कारण नाही.

एका मशीनवर पन्नास विद्यार्थी लॉगिन करायचे आणि एकाने दुसऱ्याची फाइल वाचू नये एवढीच चिंता होती, तेव्हा हा प्रश्न पुरेसा होता. आज माझ्या लॅपटॉपवर माणूस मी एकटाच आहे, पण माझ्या नावाने चालणारे प्रोग्राम शंभराच्या घरात आहेत. त्यातले बहुतेक मी लिहिलेले नाहीत, वाचलेलेही नाहीत. ब्राउझर, पीडीएफ उघडणारा प्रोग्राम, चॅटचं ॲप, एडिटरची एक्स्टेन्शन्स, सगळ्यांना माझे सगळे हक्क मिळतात. पीडीएफ उघडणाऱ्याला माझ्या सहीची किल्ली वाचण्याचं काय कारण? काहीच नाही. तरी त्याला ती वाचता येते.

सक्तीचं नियंत्रण, म्हणजे मँडेटरी ॲक्सेस कंट्रोल, वेगळा प्रश्न विचारतं. तू कोणाचा हे कळलं, पण तू कोण आहेस, तुझं काम काय, आणि ज्या वस्तूला हात लावतोयस ती कोणत्या जातीची आहे? याचे नियम यंत्रणेच्या पातळीवर आधी लिहिलेले असतात. फाइलच्या मालकाला ते स्वतःच्या मर्जीने सैल करता येत नाहीत आणि म्हणून त्याच्या नावाने चालणाऱ्या प्रोग्रामलाही येत नाहीत. ‘सक्ती’ हा शब्द इथे याच अर्थाने आहे.

या कल्पनेचा जन्म लष्करी गोपनीयतेतून झाला. १९७०च्या दशकात अमेरिकेत ‘गुप्त’, ‘अतिगुप्त’ अशा पायऱ्यांची कागदपत्रं संगणकावर कशी ठेवायची, यावर बराच विचार झाला. तिथल्याच राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, एनएसएने, डिसेंबर २००० मध्ये लिनक्समध्ये सक्तीचं नियंत्रण आणणारं एसईलिनक्स सर्वांसाठी खुलं केलं आणि २००३ साली आलेल्या २.६ कर्नलमध्ये ते मूळ लिनक्सचाच भाग झालं. एनएसएचं नाव ऐकून अनेकांच्या कपाळाला आठी पडते. मला ती आठी समजते. पण हा कोड दोन दशकांहून जास्त काळ सगळ्या जगासमोर उघडा आहे, त्यात रेड हॅट या लिनक्स कंपनीसह कितीतरी ठिकाणच्या लोकांचे हात लागले आहेत, आणि मी तो वापरतो.

शिक्का हातात न देणारा माणूस

आता कुंपणाच्या आत जी प्रोसेस बसली आहे तिच्याकडे वळू.

जुन्या दरबारी पत्रांवर वर मुद्रा आणि शेवटी मोर्तब होत असे. अशी कल्पना करा की पत्र लिहिणारा माणूस वेगळा आहे आणि शिक्का सांभाळणारा वेगळा. लिहिणारा पत्र घेऊन येतो, शिक्केवाला ओळख पटवतो, शिक्का उमटवतो आणि पत्र परत देतो. शिक्का मात्र कधीच त्याच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात नाही. जीपीजी-एजंट म्हणजे हा शिक्केवाला.

जीएनयू प्रायव्हसी गार्ड, म्हणजे जीपीजी, जर्मनीतल्या वर्नर कोख यांनी १९९७ मध्ये सुरू केलं. ईमेल कुलूपबंद करायला, सॉफ्टवेअरच्या पॅकेजवर सही करायला, गिटमधल्या कमिटवर, म्हणजे कोडमधल्या नोंदवलेल्या बदलावर, सही करायला ते आजही रोज वापरलं जातं. बरीच वर्षं जीपीजीची मूळ आज्ञाच गुप्त किल्ल्यांची फाइल स्वतः उघडून वाचत असे. नोव्हेंबर २०१४ मध्ये आलेल्या २.१ आवृत्तीने हे बदललं. तेव्हापासून खासगी किल्लीशी संबंधित सगळं काम एजंटकडे गेलं. मुख्य प्रोग्राम एजंटशी एका स्थानिक सॉकेटवरून, म्हणजे त्याच मशीनवरच्या प्रोग्राममधल्या संवादाच्या वाटेवरून, बोलतो: ‘या मजकुराच्या ठशावर अमुक किल्लीने सही करून दे.’ एजंट सही परत पाठवतो. किल्ली सॉकेटवरून बाहेर येत नाही.

दर वेळी पासफ्रेज, म्हणजे किल्ली उघडणारा परवलीचा मजकूर, विचारून माणसाला वैताग येऊ नये म्हणून एजंट तो काही काळ स्मरणात ठेवतो. ठरलेला हिशोब असा: शेवटच्या वापरापासून ६०० सेकंद, आणि कितीही वापरत राहिलात तरी एकूण ७२०० सेकंदांपलीकडे नाही. म्हणजे दहा मिनिटं आणि दोन तास.

सगळी गुपितं एका जागी आणल्यामुळे पहारा कुठे ठेवायचा हे सोपं झालं. पूर्वी किल्लीला हात लावणारे प्रोग्राम किती, हे मोजत बसावं लागलं असतं. आता उत्तर एक आहे. म्हणून मला ही प्रोसेस सक्तीचं नियंत्रण समजून घ्यायला सगळ्यात चांगलं उदाहरण वाटते. तिचं काम नेमकं आहे, तिच्या गरजा मोजक्या आहेत, आणि तिच्याजवळचा ऐवज गेला तर परत मिळत नाही.

पॉलिसीत लिहिलेलं असतं तरी काय

एसईलिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला आणि प्रत्येक फाइलला एक लेबल असतं. लेबलचे चार भाग असतात, पण रोजच्या कामात तिसरा भाग महत्त्वाचा, त्याला टाइप म्हणतात. एजंट चालू असताना त्याचा टाइप ‘जीपीजी_एजंट_टी’. डिस्कवर पडलेल्या त्याच्या प्रोग्राम फाइलचा टाइप ‘जीपीजी_एजंट_एक्झेक_टी’. किल्ल्या ज्या फोल्डरमध्ये असतात त्याचा टाइप ‘जीपीजी_सीक्रेट_टी’. पासफ्रेज विचारणारी छोटी खिडकी, पिनएंट्री, तिचाही वेगळा टाइप आहे.

पॉलिसी म्हणजे या टाइपांमधल्या परवानग्यांची यादी. अमुक टाइपची प्रोसेस तमुक टाइपच्या फाइलवर इतकी कामं करू शकते, अशी वाक्यं. यादीत जे नाही ते बंद. मनाईची यादी करावी लागत नाही, कारण मनाई हीच मूळ स्थिती आहे. नेहमीच्या परवानग्या आधी तपासल्या जातात आणि त्यातून पार झालं तरच हा दुसरा पहारेकरी विचारतो. दोघांनी ‘हो’ म्हटलं तरच काम होतं.

एजंटच्या वाट्याला आलेल्या परवानग्या वाचल्या की त्याचं जगणं डोळ्यांसमोर येतं. किल्ल्यांच्या फोल्डरमध्ये वाचणं, लिहिणं, नवी फाइल करणं. सॉकेट तयार करून त्यावर ऐकणं. पिनएंट्री सुरू करणं, आणि सुरू होताच तिला तिच्या स्वतःच्या टाइपमध्ये पाठवणं. त्यातली एक परवानगी मला फार आवडते: एजंटला स्वतःच्या प्रोसेसच्या मर्यादा बदलायची मुभा आहे. ती कशाला? प्रोग्राम कोसळला की त्याच्या मेमरीचा संपूर्ण उतारा, म्हणजे कोअर डंप, डिस्कवर लिहिला जाऊ शकतो. एजंटच्या मेमरीत उघडी किल्ली असू शकते. म्हणून एजंट सुरू होतानाच हा उतारा बंद करतो आणि त्यासाठी त्याला ही परवानगी लागते. पॉलिसी लिहिणाऱ्याला त्या प्रोग्रामचा स्वभाव इतका बारकाईने माहीत असावा लागतो.

जे नाही तेही पाहण्यासारखं आहे. एजंटला इंटरनेटवर जायचं काही कारण नसतं. दुसऱ्यांच्या सार्वजनिक किल्ल्या सर्व्हरवरून आणायचं काम जीपीजीमध्ये डीआयआरमँगर नावाची वेगळी प्रोसेस करते. त्यामुळे गुपित जिच्याजवळ आहे ती बाहेर बोलत नाही, आणि बाहेर बोलणारीजवळ गुपित नाही. हा विभाग जीपीजीने स्वतःच्या रचनेत केला आणि पॉलिसी त्यावर कर्नलचा पहारा बसवू शकते.

इथे एक प्रश्न हमखास येतो: मग एखाद्या भामट्या प्रोग्रामने स्वतःचं नाव ‘जीपीजी-एजंट’ ठेवलं तर? नावाला इथे किंमत नाही. ‘जीपीजी_एजंट_टी’ या टाइपमध्ये शिरण्याचं दार एकच, ते म्हणजे ‘जीपीजी_एजंट_एक्झेक_टी’ असं लेबल असलेली फाइल चालवणं. ते लेबल यंत्रणेच्या फोल्डरमधल्या खऱ्या फाइलला असतं. डाउनलोड्समध्ये त्याच नावाची फाइल आणून ठेवली तर तिला होम फोल्डरमधल्या साध्या फाइलचं लेबल लागतं आणि ती साधीच राहते.

काही सवलती चालू-बंद करता येतात, त्यांना बूलियन म्हणतात. एजंटच्या पॉलिसीत असं एक बटण आहे, जे चालू केलं की एजंटला वापरकर्त्याच्या इतर फाइलींवरही लिहिता येतं. एजंटचा पत्ता एका फाइलमध्ये लिहून ठेवायची जुनी पद्धत होती, तिच्यासाठी ते ठेवलेलं. २.१ पासून सॉकेटची जागा ठरलेली असते, त्यामुळे आता त्याची गरज पडू नये. कुठल्यातरी जुन्या सल्ल्यावरून हे बटण चालू केलेलं दिसलं तर बंद करा.

लेबल बदललं की सगळं बदलतं

पॉलिसी कितीही चांगली असली तरी ती लेबलवर चालते, आणि लेबल बिघडणं फार सोपं आहे. हे मी अनुभवाने शिकलो.

पॅकेजवर सही करायचं काम आम्ही कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, नेत होतो. फेडोरा आणि रेड हॅट या लिनक्स वितरणांच्या जगात कंटेनरमधल्या प्रोसेसला ‘कंटेनर_टी’ हा टाइप मिळतो, आणि त्या टाइपला होम फोल्डरमधल्या फाइली वाचायची परवानगी नसते. त्यामुळे मी ‘.जीएनयूपीजी’ कंटेनरला जोडलं आणि आत ‘परवानगी नाकारली’ असं उत्तर आलं. कुंपण नेमकं जे करायला हवं तेच करत होतं. मी मात्र घाईत होतो. शोधल्यावर उपाय मिळाला: फोल्डर जोडताना शेवटी कोलन आणि कॅपिटल ‘झेड’ लिहा. लिहिलं, चाललं, मी खूश.

त्या एका अक्षराने काय केलं ते संध्याकाळी कळलं. ते अक्षर म्हणजे ‘या फोल्डरची लेबलं बदलून कंटेनरला चालतील अशी कर’ ही आज्ञा. माझ्या खासगी किल्ल्यांचं ‘जीपीजी_सीक्रेट_टी’ हे लेबल पुसलं गेलं आणि त्या जागी कंटेनरच्या फाइलींचं लेबल बसलं. कंटेनरबाहेर माझं खातं मर्यादित प्रकारचं, म्हणजे एसईलिनक्सच्या बंधनातलं, होतं, त्यामुळे माझा स्वतःचा एजंट आता किल्ली वाचू शकत नव्हता. जीपीजी म्हणत होतं, गुप्त किल्लीच नाही. फाइली जागेवर, परवानगी ७००, मालक मी, आणि किल्ली ‘नाही’. पोटात गोळा आला.

ऑडिटच्या लॉगमध्ये उत्तर एका ओळीत लिहिलेलं होतं. त्या ओळीला एव्हीसी नकार म्हणतात आणि ती पहिल्यांदा वाचताना गाथा वाटते, पण त्यात पाहायच्या गोष्टी चारच: कोणतं काम नाकारलं, कोणत्या टाइपच्या प्रोसेसला, कोणत्या टाइपच्या वस्तूवर, आणि ती वस्तू फाइल आहे की सॉकेट की आणखी काही. माझ्या ओळीत नाकारलेलं काम होतं ‘वाचणं’, प्रोसेस ‘जीपीजी_एजंट_टी’, वस्तू कंटेनरच्या लेबलची फाइल. एवढं दिसल्यावर ‘रिस्टोअरकॉन’ या आज्ञेने फोल्डरची लेबलं मूळपदावर आणली आणि सगळं सुरळीत झालं. सहीच्या कामासाठी मग वेगळी किल्ली तयार करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली, जे आधीच करायला हवं होतं.

असाच दुसरा घोळ बॅकअपमधून किल्ल्या परत आणताना होतो. फाइल कॉपी केली तर ती साधारणपणे नव्या जागेचं लेबल घेते. हलवली तर जुनं लेबल घेऊन येते. तात्पुरत्या फोल्डरमधून हलवून आणलेली किल्ली तात्पुरत्या फाइलीचं लेबल मिरवत बसते. अशा वेळी बहुतेक जण ‘सेटएनफोर्स ०’ मारून सगळ्या मशीनचा पहारा उठवतात. माझी कळकळीची विनंती आहे, ते करू नका. अगदीच गरज पडली तर फक्त एका टाइपपुरती सूट देता येते. त्या टाइपच्या प्रोसेसना अडवलं जात नाही, पण नकार मात्र लॉगमध्ये लिहिले जातात आणि बाकी मशीनवरचा पहारा तसाच राहतो. ‘ऑडिटटूअलाउ’ नावाचं साधन नकारांवरून परवानगीचे नियम तयार करून देतं. ते डोळे मिटून वापरलं तर ज्याला अडवायला हवं होतं त्याच्याच नावाने पास निघतो. माझ्या प्रसंगात ते वापरलं असतं तर एजंटला कंटेनरच्या फाइली वाचायची कायमची मुभा मिळाली असती आणि किल्लीवरचं चुकीचं लेबल तसंच राहिलं असतं.

खिशातलं उदाहरण

एसईलिनक्स हे सर्व्हरवाल्यांचं प्रकरण आहे असं वाटत असेल तर खिशातला अँड्रॉइड फोन हातात घ्या. २०१३ च्या ४.३ आवृत्तीत ते नुसतं पाहणाऱ्याच्या भूमिकेत आलं आणि २०१४ च्या ५.० पासून सगळ्या प्रोसेसवर सक्तीने लागू झालं. ॲपसाठी किल्ल्या सांभाळणारी ‘कीस्टोअर’ नावाची प्रोसेस तिथेही आहे आणि तिलाही स्वतःचा टाइप आहे.

अँड्रॉइडच्या पॉलिसीत एक वाक्यप्रकार भरपूर वापरलेला आहे: ‘नेव्हरअलाउ’, म्हणजे ही परवानगी कधीच द्यायची नाही. हे वाक्य फोन चालू असताना काही करत नाही. पॉलिसी बांधली जाते तेव्हा ते तपासलं जातं, आणि कुणी चुकून त्याविरुद्ध परवानगी लिहिली असेल तर पॉलिसी बांधलीच जात नाही. कीस्टोअरच्या बाबतीत असं एक वाक्य ‘पीट्रेस’बद्दल आहे. पीट्रेस म्हणजे एका प्रोसेसने दुसरीच्या पोटात शिरून तिची मेमरी वाचणं. प्रोग्राममधल्या चुका शोधायला ते लागतं, आणि चोरालाही तेच हवं असतं. बाजारात विकल्या जाणाऱ्या फोनवर कीस्टोअरच्या पोटात कुणालाही शिरता येणार नाही, हे फोन कारखान्यातून निघायच्या आधीच ठरलेलं असतं.

कुंपण कुठे संपतं

आता सुरुवातीच्या नकली जेलीफिशकडे परत येऊ आणि प्रामाणिकपणे पाहू, की एजंटच्या पॉलिसीने ती अडली असती का.

माझ्या टर्मिनलमधून थेट चालवली असती तर, तयार मिळणाऱ्या पॉलिसीवर, नाही. कारण ही पॉलिसी वापरकर्त्याच्या स्वतःच्या शेलला, म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रामला, ‘.जीएनयूपीजी’ हाताळू देते. माणसाला किल्लीचा बॅकअप घेता यायला हवा, फोल्डर हलवता यायला हवं, म्हणून ती सोय ठेवलेली असते. शेलमधून सुरू झालेली पायथनची लायब्ररी शेलचाच टाइप घेऊन चालते. शिवाय फेडोरासारख्या वितरणात साधं खातं मुळात ‘अनकन्फाइन्ड’ असतं, म्हणजे त्याच्यावर एसईलिनक्सचं जवळजवळ बंधनच नसतं. तुमच्या मशीनवर काय स्थिती आहे ते पाहायला ‘पीएस’ला ईझेड हा पर्याय देऊन चालवा आणि जीपीजी-एजंटची ओळ शोधा. तिथे ‘जीपीजी_एजंट_टी’ऐवजी ‘अनकन्फाइन्ड_टी’ दिसलं तर या लेखात वर सांगितलेलं कुंपण तुमच्या एजंटभोवती घातलेलंच नाही. ते हवं असेल तर खातं मर्यादित प्रकारात, म्हणजे ‘स्टाफ_यू’ किंवा ‘यूझर_यू’मध्ये न्यावं लागतं. त्यानंतरचे काही दिवस थोड्या कटकटीचे जातात, हे आधीच सांगतो.

तीच लायब्ररी कंटेनरमध्ये बसवली असती तर मात्र चित्र वेगळं. तिथे ती ‘कंटेनर_टी’ झाली असती, आणि होम फोल्डर चुकून जोडलेलं असलं तरी, लेबलं न बदलता, किल्लीची फाइल उघडायला गेल्यावर तिला नकार मिळाला असता. म्हणून अनोळखी पॅकेज मी आता कंटेनरच्या आतच बसवतो. या सगळ्या अभ्यासातून माझ्या रोजच्या कामात झालेला हा सगळ्यात मोठा बदल.

आणि एक मर्यादा कुठल्याच पॉलिसीने जात नाही. ज्याला एजंटच्या सॉकेटवर बोलायची परवानगी आहे, त्याला पासफ्रेज स्मरणात असेपर्यंत सही मागता येते. किल्ली चोरीला जात नाही, पण वापरली जाते. त्यावर उपाय एसईलिनक्सच्या बाहेरचे आहेत: स्मरणाची मुदत कमी करणं, एसएसएचच्या किल्लीला ‘दर वेळी विचार’ अशी खूण लावणं, किंवा किल्ली यूएसबीच्या हार्डवेअर टोकनमध्ये ठेवून प्रत्येक सहीला बोटाचा स्पर्श लागेल असं करणं. माझं टोकन सही मागितली की हिरवं लुकलुकतं. मी काही मागितलेलं नसताना ते लुकलुकलं तर स्पर्श करत नाही, आधी काय चालू आहे ते पाहतो.